घरांच्या नमुन्यांची सामाईक वही काढा: म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. उपाध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा),
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण,
आणि स्वयंपुनर्विकासाला निघालेल्या सर्व गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

माझे काका गेले तेव्हा ते पुनर्वसनाच्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहत होते. पहाटेची वेळ होती. लिफ्ट चालू होती, पण तिच्यात माणूस आडवा मावत नव्हता. म्हणून जिन्याने उतरवायचं ठरलं. चादरीचे चार कोपरे धरून चौघे निघाले आणि पहिल्याच वळणावर अडकले. कठडा आणि भिंत यांच्यामध्ये दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील एवढी जागाच नव्हती. शेवटी शेजारच्या पोरांनी प्लास्टिकची खुर्ची आणली. काकांना तिच्यात बसवलं, काकूच्या साडीने खुर्चीला बांधलं आणि लिफ्टने खाली आणलं. काकू त्याबद्दल आजही बोलत नाही. मी आर्किटेक्ट आहे. तेरावा झाल्यावर टेप घेऊन गेले आणि ते वळण मोजलं. तीन फुटांना एक इंच कमी.

त्याआधी काकांनी चाळीस वर्षं लालबागच्या चाळीत काढली. तिथला जिना लाकडी होता, खडा होता, पावसाळ्यात निसरडा व्हायचा. पण सरळसोट होता. माझ्या आजीला त्याच जिन्याने खाली आणलं, तेव्हा कुणाला थांबावं लागलं नाही.

नव्या इमारतीचा नकाशा काढणाऱ्याने मुद्दाम काही वाईट केलं असं मी म्हणणार नाही. माझ्याच व्यवसायातला माणूस तो. एवढ्या जागेत इतके गाळे बसवायचे, बाजूला बिल्डरने बाजारात विकायची इमारत उभी राहायची, तारीख जवळ आलेली. मयत कशी उतरणार हा प्रश्न त्याच्या टेबलावर कुणी ठेवलाच नसेल. चाळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला जे ठाऊक होतं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि त्या इमारतीनंतर आपण जे शिकलो, तेही कुठे लिहिलं गेलं नाही. मला तुमच्याशी त्याविषयीच बोलायचं आहे.

आपल्याकडे घराची भाषा होती. जुन्या वाड्याचं माप खणात सांगत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि ते ठरायचं लाकडाच्या ताकदीवरून. 'पाच खणांची ओसरी' म्हटलं की मालक, सुतार आणि गवंडी या तिघांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. ओटा, पडवी, माजघर, परस या नुसत्या खोल्यांच्या पाट्या नव्हेत. उन्हातून आलेल्या अनोळखी माणसाला घरात न घेता कुठे बसवायचं, या अडचणीची उकल म्हणजे ओटा. पावसाची झड भिंतीपर्यंत पोहोचू नये आणि तिथेच लाकूडफाटाही राहावा, यासाठी पडवी. वाडा काही आदर्श नव्हता. कुणी ओसरीपर्यंत यायचं आणि कुणी अंगणाबाहेर उभं राहायचं, हे त्याच भाषेत जातीने ठरलेलं होतं. ते आपल्याला परत नको आहे. पण घरात राहणारा आणि घर बांधणारा एकाच शब्दांत बोलत होते, ही गोष्ट मात्र आपण गमावली. आज सोसायटीच्या सभेत आर्किटेक्ट पडद्यावर प्लॅन दाखवतो आणि लोक एकच विचारतात, 'कार्पेट किती?' त्यांच्याकडे दुसरा शब्दच ठेवलेला नाही.

ख्रिस्तोफर अलेक्झांडर नावाच्या वास्तुविशारदाने १९७७ साली सहकाऱ्यांबरोबर २५३ नमुन्यांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्याआधी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो गुजरातमधल्या एका खेड्यात राहून गेला होता आणि त्या खेड्याच्या गरजांची एकमेकींशी असलेली गुंतागुंत मांडण्याचा प्रयत्न त्याने केला होता. त्याच्या संग्रहातला प्रत्येक नमुना साधा आहे. अडचण काय, ती का येते, तिच्यावर कसा तोडगा निघतो, आणि हा तोडगा कुठल्या मोठ्या आणि कुठल्या लहान नमुन्याशी जोडलेला आहे. खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा, हा एक नमुना. सहा फुटांपेक्षा कमी खोल बाल्कनी लोक वापरत नाहीत, हा दुसरा. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांना 'डिझाइन पॅटर्न' हा शब्द रोजचा आहे. तो त्यांनी घरं बांधणाऱ्यांकडून घेतला. घरं बांधणाऱ्यांनी मात्र तो बाजूला ठेवला. योगायोग असा की म्हाडाचीही सुरुवात १९७७ सालचीच.

हे नमुने जसेच्या तसे उचला असं मी सांगत नाही. त्या सहा फुटांचंच पाहा. आमच्या चाळीतली गॅलरी जेमतेम साडेचार फुटांची होती आणि दिवसभर एक क्षण रिकामी नसायची. तांदूळ निवडणं, शाळेचा अभ्यास, वर्तमानपत्र, भांडण, पहिल्या पाळीहून आलेल्या माणसाची डुलकी, सगळं तिथेच. कारण ती येण्याजाण्याची वाट होती आणि प्रत्येक दार तिच्यावर उघडायचं. कुणाच्या तरी दारावरून गेल्याशिवाय कुणालाच घरी जाता येत नव्हतं. खाजगी बाल्कनीला सहा फूट लागत असतील, पण वाट आणि बैठक एकच असेल तर साडेचार फूट पुरतात. हा आपला नमुना आहे. तो परदेशी संग्रहात सापडणार नाही, आपणच लिहायला हवा.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे नियमावली आहे. आहे, आणि ती लागतेच. पण नियम किमान माप सांगतो, त्यामागची अडचण सांगत नाही. ती अडचण ठाऊक नसली की माणूस किमान माप पाळतो आणि पुढे निघतो. शिवाय न लिहिलेले नमुने चालू असतातच. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) काँक्रीटच्या चाळी बांधल्या, त्यात मधून बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या होत्या, खोली १६० चौरस फुटांची. खर्चात आणि जागेत बसणारा नमुना. शंभर वर्षं झाली. त्या चाळी पाडून आज ५०० चौरस फुटांची घरं दिली जात आहेत, ही मोठी गोष्ट आहे. पण मधल्या बोळाचा तो नमुना कुणी पाडला नाही. पुनर्वसनाच्या कितीतरी इमारतींत तोच बोळ, दोन्हीकडे दारं, भर दुपारी ट्यूबलाइट. दिवा गेला की मजल्यावर हात चाचपत जायचं. ज्याने तो काढला त्याला आपण बीडीडीची नक्कल करतो आहोत हे माहीतही नसेल.

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ साली स्थापन झालं. तेव्हाचं घर २२५ चौरस फुटांचं, मग २६९, आता ३००. प्रत्येक वाढीसाठी माणसं रस्त्यावर उतरली आणि ते योग्यच होतं. तीनशे चौरस फुटांत पाच माणसं राहणं म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय तो चौरस फुटांना क्षुल्लक म्हणणार नाही. पण एकाच आकड्यावर सगळं भांडण झालं, आणि बाकीचं हातातून निसटलं. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत काय झालं ते तुमच्या कार्यालयांना ठाऊक आहे. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींचा अभ्यास केला. ज्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत, तिथे क्षयाचे रुग्ण पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त निघाले. नटवर पारेखमध्ये दोन इमारतींमधलं अंतर तीन मीटरच्या आसपास आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, आणि त्या फटीत वरून कचरा पडत असल्यामुळे लोक खिडकी उघडत नाहीत. घराचं क्षेत्रफळ कागदावर बरोबर होतं.

आता जिथे काही चांगलं घडलं, तिकडे येते. तेही आपल्याच मुलखात आहे.

बेलापूरला सेक्टर ८ मध्ये चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी साडेपाचशेच्या आसपास घरं बसवली. सात घरं, त्यांच्यामध्ये साधारण आठ मीटर लांब-रुंद चौक. असे तीन गट मिळून एक मोठा चौक. असं वाढत वाढत नाल्याकाठपर्यंत. कुठल्याही दोन घरांची भिंत एक नाही, म्हणून शेजाऱ्याला न विचारता वाढवता येतं. आज तिथे गेलात तर मूळ कौलारू घरं थोडी उरलेली दिसतील. बहुतेकांनी पाडून दोन-तीन मजले चढवले, काही बेढबही झाली आहेत. माझे विद्यार्थी ते पाहून हळहळतात. मी त्यांना चौकात बसायला सांगते. चौक तसेच आहेत. तुळस आहे, सायकली आहेत, कुणीतरी पापड वाळत घातलेले आहेत. घरं बदलली तरी त्यांच्यामधली जागा कुणी गिळली नाही. सात घरं आणि आठ मीटर, हे प्रमाण टिकाऊ निघालं. चाळीस वर्षांचा पुरावा आहे हा, आणि तो लिहून ठेवायचं काम ज्यांनी करायचं त्यांच्यापैकी कुणी केलं असेल तर ते सोसायट्यांच्या हातात आलेलं नाही.

इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशींनी साडेसहा हजार भूखंड आखले. गरिबातल्या गरिबाला ३५ चौरस मीटरचा तुकडा, जोतं, न्हाणी-संडास आणि पाण्याची जोडणी. बाकीचं घर त्याने सवडीने बांधायचं. दोशी मूळचे पुण्याचे, पेठांमधल्या वाड्यांत वाढलेले डोळे होते ते. ओटा आणि रस्ता यांचं नातं त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार.

आणि भायखळा. १९८६ नंतरची गोष्ट. फुटपाथवर झोपडी बांधून राहणाऱ्या बायका महिला मिलनमध्ये एकत्र आल्या आणि आपलं घर कसं असावं ते त्यांनी खऱ्या मापात, बांबू आणि कापड लावून उभं केलं. कागदावरचा प्लॅन त्यांना वाचता येत नव्हता. कापडाच्या घरात मात्र त्या शिरल्या, बसल्या, हात वर करून पाहिलं. त्यातून ठरलं की छत १४ फुटांवर हवं, म्हणजे पोटमाळा निघतो, खाली स्वयंपाक चालू असताना वर माणूस झोपू शकतो. चौरस फूट वाढवून मिळत नव्हते तर त्यांनी उंची मागितली. मला आजवर भेटलेल्या आर्किटेक्ट मंडळींपैकी फार थोड्यांनी सवलतीच्या घराचा विचार असा केला आहे.

कापडाच्या घराची ती रीत मी स्वतः वापरते. दोन वर्षांपूर्वी एका वस्तीत आम्ही मैदानावर चुन्याने घराची रेघ मारली आणि बांबूला जुन्या चादरी लावल्या. एक मावशी आत गेल्या आणि थेट मोरीच्या जागी उकिडव्या बसल्या. हाताने कपडे घासल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, 'कोपर भिंतीला लागतंय.' मग उठून दाराकडे पाहिलं. 'आणि इथे बसले तर दारात आलेला माणूस मला दिसतोय, मीही त्याला दिसतेय.' मोरी अठरा इंच सरकली आणि तिचं तोंड फिरलं. खर्च काही नाही. माझ्या वहीत ती नोंद आहे: मोरीत बसलेली बाई दारातून दिसू नये, आणि तिच्या दोन्ही कोपरांना मोकळीक हवी. पण माझी वही माझ्याच कपाटात आहे. शेजारच्या वस्तीतला आर्किटेक्ट ती चूक नव्याने करतो आहे, आणि त्याच्या वहीत जे आहे त्याला मी मुकते आहे.

येरवड्यात केंद्राच्या योजनेतून वस्त्या जागच्या जागी सुधारल्या गेल्या, तेव्हा प्रसन्न देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गल्ल्या आणि शेजार तसेच ठेवले आणि २७० चौरस फुटांच्या घराचे तीन प्रकार लोकांपुढे मांडले. त्यातल्या एकात तळमजला मोकळा सोडलेला, दुकानाला किंवा गाडीला. दुसऱ्यात मधला मजला मोकळा, बसायला किंवा कामाला. लोकांनी दहा टक्के स्वतःचे घातले आणि निवड स्वतः केली. पुण्यात हे झालं, पण मुंबईतल्या किती सोसायट्यांच्या कमिट्यांना हे ठाऊक आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की ही सामाईक वही तुम्ही काढा. टाइप प्लॅन नको. टाइप प्लॅन म्हणजे एकच अंगरखा सगळ्यांना, तो शासनाने पूर्वी बऱ्याचदा वाटला आहे. नमुन्यात तोडगा असतो, पण दर वेळी तो त्या जागेप्रमाणे नव्याने बसवावा लागतो. 'लिफ्ट नाहीतर जिना, यांपैकी एका वाटेने माणूस आडवा खाली यावा' हा नमुना. तो चार मजल्यांच्या इमारतीत एका प्रकारे सुटेल, बावीस मजल्यांच्या इमारतीत दुसऱ्या. वहीत प्रत्येक नोंदीखाली ती कुठे बांधली, किती वर्षं झाली, राहणारे काय म्हणतात, आणि कुठे फसली, हे हवं. फसलेलं तर हवंच.

कारण फसतंही. अलेक्झांडर आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी १९७६ साली मेक्सिकोतल्या मेक्सिकाली शहरात कुटुंबांना हाताशी धरून पाच घरं सामाईक अंगणाभोवती बांधली. तीस बांधायची होती, पाचांवर थांबली. काही वर्षांनी पाहिलं तर घरांवर लोकांचा जीव होता, पण त्या अंगणाकडे पाठ करून त्यांनी भिंती घातल्या होत्या. बेलापूरचा चौक टिकला आणि मेक्सिकालीचं अंगण टिकलं नाही, असं का? कोणता दरवाजा कुठे उघडतो, तिथून रोजची वाट जाते का, मालकी कुणाच्या नावावर, झाडू कुणी मारायचा. या प्रश्नांची उत्तरं संग्रहाच्या लेखकाकडे नसतात, राहणाऱ्यांकडे असतात. म्हणून ताबा दिल्यावर पाच वर्षांनी पुन्हा त्या इमारतीत जाणं हे तुमच्या कामाचा भाग करा. आज भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की फाइल बंद होते. त्यानंतर तिथे कर वसूल करणारा जातो, आर्किटेक्ट जात नाही.

तुमच्याकडे खजिना आहे. कन्नमवार नगर, अभ्युदय नगर, मोतीलाल नगर. गृहनिर्माण मंडळाच्या काळातल्या या वसाहती आता एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. पाडू नका असं मी म्हणत नाही, गळणाऱ्या छताखाली राहणाऱ्याला वारसा ऐकवणं क्रूरपणाचं आहे. पण पाडण्याआधी प्रत्येक वसाहतीत एक महिना माणसं पाठवा. दोन इमारतींमधलं मैदान किती, त्यात क्रिकेट, गणपती आणि लग्नाचा मांडव हे सगळं कसं बसतं, जिन्याच्या तोंडाशी कुठे बायका बसतात, कुठलं झाड कुणी लावलं. माप घ्या. आर्किटेक्चर कॉलेजांतली पोरं हे आनंदाने करतील. बुलडोझर आल्यावर या माहितीची किंमत कुणीही मोजली तरी ती मिळणार नाही.

वही मराठीत हवी, सोसायटीच्या सेक्रेटरीला रात्री जेवण झाल्यावर वाचता येईल अशी. आणि ती सगळ्यांना खुली हवी. चिलीतल्या अलेहांद्रो आरावेना यांच्या कार्यालयाने २०१६ साली आपल्या वाढत्या घरांच्या चार प्रकल्पांची रेखाटनं फुकट खुली केली, कुणीही घ्या आणि बदला म्हणून. आपल्याच केंद्र सरकारने ग्रामीण घरांसाठी 'पहल' नावाने प्रदेशवार घरांचा संग्रह काढला, त्यात स्थानिक माती, बांबू, दगड आणि कारागिरी यांचा विचार आहे. गावासाठी हे जमलं. शहरासाठी का जमू नये? स्वयंपुनर्विकासाला २०१९ साली शासनाने सवलती दिल्या, आता सोसायट्या बिल्डरशिवाय उभ्या राहायला धजावत आहेत. पण नकाशा मागायला गेल्या की त्यांना बिल्डरचाच नकाशा मिळतो, कारण बाजारात तोच एक आहे.

एक गोष्ट लपवणार नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांत हेक्टरी किमान ६५० घरांची अट असताना कितीही चांगले नमुने लिहिले तरी तळमजल्यावर ऊन उतरवता येत नाही. वही निघाली तर हे उघड दिसेल. एका बाजूला उजेडाचा नमुना, दुसऱ्या बाजूला घनतेचा आकडा, आणि दोन्ही एका जमिनीवर मावत नाहीत. तेव्हा आकडा पुन्हा तपासावा लागेल आणि ते अवघड असेल, त्यात जमिनीच्या किमती आहेत, विक्रीची इमारत आहे. पण निदान कशाच्या बदल्यात काय देतो आहोत ते सभेत बसलेल्या माणसाला कळेल. म्हणून मंजुरीच्या अर्जासोबत प्रत्येक योजनेने एक पान जोडावं: वहीतले कोणते नमुने घेतले, कोणते सोडले आणि का. ते पान रहिवाशांच्या सभेत मोठ्याने वाचलं जावं. सक्तीची यादी करू नका. सक्ती केली की लोक खूण करून मोकळे होतात.

शासनाच्या नव्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. तेवढी घरं खरंच झाली तर ती पुढची साठ-सत्तर वर्षं उभी राहतील. त्यांत बाळं जन्मतील, मुली अभ्यास करतील, म्हातारे दाराशी खुर्ची टाकून बसतील, जर दारापुढे खुर्ची मावत असेल तर.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळं सांगते. प्राधिकरणाची वाट पाहू नका. पुढच्या सभेला आर्किटेक्टला सांगा की पडदा नको, मैदानात चुना मारून दाखव. आणि घरातल्या बायकांना आधी आत जाऊ द्या.

माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदी मी रेखाटनांसह द्यायला तयार आहे, मोबदला नको. पहिली नोंद काकांच्या जिन्याची आहे. वळणावर कठड्यापासून भिंतीपर्यंत दोन फूट अकरा इंच. आम्ही नंतर त्याच वळणाची कापडाची प्रतिकृती करून चार माणसांना चादर धरून चालवलं, त्यांना चार फूट तीन इंच लागले. तेवढं तुमच्या वहीत सगळ्यांत आधी घाला.

आपली,
लालबागच्या चाळीत वाढलेली एक वास्तुरचनाकार